एका खुणेला एकच अर्थ: ॲपमधल्या आयकॉनची शिस्त

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत बीडची जागा जेमतेम साडेसहा हजार मतांच्या फरकाने लागली. निवडून आलेल्या उमेदवाराचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतदान यंत्रावर एका अपक्षापुढे नुसतं वाद्य होतं. लोक त्याला पिपाणी म्हणत होते, निवडणूक आयोगाच्या चिन्हांच्या यादीत मात्र त्याचंही नाव तुतारीच होतं. त्या अपक्षाला पन्नास हजारांवर मतं पडली. ती सगळीच चुकून पडली असं कोणी म्हणणार नाही. पण निवडून आलेल्या उमेदवाराच्या पक्षाने आयोगाकडे तक्रार केली, आणि त्याच वर्षीच्या विधानसभेआधी तुतारीवाल्या माणसाचं चित्र यंत्रावर जास्त ठळक करायला आयोगाने मान्यता दिली. दुसरं चिन्ह यादीतून काढायची मागणी मात्र मान्य झाली नाही.

मी मराठी सॉफ्टवेअरच्या स्क्रीन आखतो, आणि आयकॉनचा विषय निघाला की मला हा निकाल आठवतो. दोन खुणा एकमेकींसारख्या दिसल्या की काय होऊ शकतं याचं इतकं मोठं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्याकडे खुणांचा कारभार नवा नाही. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलं. हे जमलं ते दोन साध्या अटींमुळे. एका मतदारसंघात एक चिन्ह एकाच उमेदवाराचं. आणि मोठ्या पक्षाचं चिन्ह गावोगाव तेच. आज दिसलेलं चित्र उद्या दुसऱ्याच कोणासाठी वापरलं असतं, तर लोकांचा चित्रावरचा भरवसाच उडाला असता.

सॉफ्टवेअरमध्ये ‘आयकॉन एकसारखे वापरा’ असं सांगतात तेव्हा याच दोन अटी अपेक्षित असतात. एका खुणेचा सगळ्या स्क्रीनवर एकच अर्थ. एका कामाची सगळ्या स्क्रीनवर एकच खूण. ऐकायला सोपं आहे, पण पाळलेलं क्वचित दिसतं. आणि न पाळल्याचा त्रास सगळ्यात जास्त त्याला होतो ज्याला स्क्रीनवरचा मजकूर भराभर वाचता येत नाही. शिकलेला माणूस गोंधळला तर लेबल वाचतो. बाकीच्यांना चित्राचाच आधार असतो.

फुलीचं उदाहरण

लातूरच्या बाजार समितीत दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक चढलेली असते. आडत दुकानात मुनीम संगणकापुढे बसलेला असतो आणि समोर शेतकरी उभे असतात. शेतकऱ्याचं नाव, गाव, किती कट्टे, वजन, ओलावा, लागलेला भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, मग हिशोबपट्टी. एक पट्टी झाली की लगेच दुसरी. या माणसाला स्क्रीन वाचायला सवड नसते. हात सवयीने चालतो.

आता अशा सॉफ्टवेअरमध्ये मी पाहिलेली फुली सांगतो. वरच्या शोधखान्यात नाव टाकलं की खान्याच्या टोकाला एक फुली येते. ती दाबली की टाकलेलं नाव पुसलं जातं. पट्टीची खिडकी उघडली की कोपऱ्यात फुली असते, ती खिडकी बंद करते. खाली मालाच्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी फुली आहे, ती ओळच काढून टाकते. आणि शेतकऱ्यांच्या यादीत काही नावांपुढे लाल फुली दिसते. ती दाबून काहीच होत नाही, तिचा अर्थ ‘पैसे द्यायचे बाकी’. एकच चित्र आणि त्याची चार कामं. त्यातली दोन निरुपद्रवी, एक नुसती माहिती देणारं आणि एक अर्ध्या तासाची नोंद घालवणारं.

मुनिमाचा हात फुलीला सरावतो तो खिडकी बंद करण्यासाठी, कारण ते काम दिवसात सगळ्यात जास्त वेळा होतं. ‘फुली म्हणजे समोरचं बाजूला सार, बाकी काही बिघडत नाही’ हे डोक्यात पक्कं होतं. मग एखाद्या गर्दीच्या दुपारी तोच हात ओळीच्या शेवटच्या फुलीवर पडतो आणि सतरा कट्ट्यांची नोंद जाते. मालक म्हणतात, ‘मुनीम, लक्ष कुठंय तुमचं?’ लक्ष कामातच होतं. फुली म्हणजे बंद करायचं, हे सॉफ्टवेअरनेच दिवसभर शिकवलं आणि एका ठिकाणी तो अर्थ स्वतःच मोडला.

दुरुस्ती अवघड नाही. फुलीला एकच अर्थ ठेवायचा: समोरून काढ, नोंदीला धक्का लागत नाही. खिडकी बंद करणं आणि शोधखाना रिकामा करणं या अर्थात बसतं. नोंद काढून टाकायला कचऱ्याच्या टोपलीचा आयकॉन, तोही ओळीच्या शेवटी सहज हात पडेल तिथे नको. आणि काढल्यावर काही सेकंद ‘परत आणा’ असं बटण दिसलं पाहिजे. पैसे बाकी आहेत हे सांगायला आयकॉनची गरजच नाही. ‘बाकी’ हा दोन अक्षरी शब्द पुरेसा आहे आणि तो कोणत्याही चित्रापेक्षा स्पष्ट आहे.

फुलीसारखे घात करणारे आणखी काही आकार आहेत. गोल फिरलेला बाण ‘पुन्हा लोड करा’ सांगतो, ‘केलेलं मागे घ्या’ सांगतो, ‘सर्व्हरशी जुळवा’ सांगतो आणि फोटोच्या ॲपमध्ये ‘फिरवा’ही सांगतो. खालच्या दिशेचा बाण डाउनलोडचा की यादी उघडायचा की उतरत्या क्रमाचा, हे बाणाच्या बारीक तपशिलावर ठरतं आणि तो तपशील उन्हात दिसत नाही. नव्याने ॲप करणाऱ्याने आधी हे आकार वाटून घ्यावेत. कोणता आकार कोणत्या कामाला दिला, हे ठरवल्याशिवाय एकही स्क्रीन आखू नये.

उलटी चूकही तितकीच होते: काम एक, खुणा तीन. पहिल्या स्क्रीनवर नवी नोंद करायला अधिकचं चिन्ह, दुसरीकडे पेन्सिल, तिसरीकडे कागदावर छोटं अधिक. करणाऱ्याला वाटतं, अर्थ तर कळतोच आहे. पण वापरणारा फरक पाहिला की त्यामागे कारण शोधतो. पेन्सिलवाली नोंद तात्पुरती असेल का? कागदवाली छापायची असेल का? तो विचारत बसतो, शेजाऱ्याला दाखवतो, आणि शेवटी ज्या बटणाची खात्री आहे तेवढंच वापरतो. निम्मं सॉफ्टवेअर न वापरलेलं राहतं ते बऱ्याचदा असं.

चालू आहे, की चालू करायचं आहे?

या विषयातला सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि शेतकऱ्याला तो रोज भेटतो. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री विहिरीवर जायला नको म्हणून लोकांनी स्टार्टरच्या पेटीत सिम कार्ड घातलेलं यंत्र बसवलंय. घरून मोबाइलवरून मोटार चालू-बंद करता येते. अशा एका ॲपच्या स्क्रीनवर मधोमध मोठं गोल बटण होतं, त्यावर वीज चालू-बंदचं नेहमीचं चिन्ह. गोल कधी हिरवा, कधी लाल. औसा तालुक्यातल्या एका काकांनी फोन माझ्यापुढे धरून विचारलं, ‘हे हिरवं झालंय म्हंजे मोटार चालू हाय, का हे चालू करायचं बटन हाय?’

प्रश्न अगदी बरोबर होता. हिरवा रंग स्थिती सांगतोय की कृती, हे त्या चित्रात कुठेही नव्हतं. मोटार चालू आहे असं समजून झोपलं तर पाळी वाया जाते. बंद आहे असं समजून दाबलं तर चालू मोटार बंद पडते. आणि मोटार बंद आहे असं समजून ती तशीच चालू राहिली, विहिरीतलं पाणी तळाला गेलं, तर मोटार कोरडी फिरते आणि वाइंडिंग जळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी असतं ते सांगायला नको.

पासवर्डच्या खान्यातला डोळा, मीटिंगमधला माइक, आवाजाचा कर्णा यांचाही हाच पेच आहे. डोळ्यावर तिरकी रेघ आहे म्हणजे पासवर्ड आत्ता झाकलेला आहे, की दाबल्यावर झाकला जाईल? दोन्ही पद्धती जगात चालतात. म्हणून निदान एका ॲपमध्ये तरी एकच पद्धत असावी: सगळे आयकॉन आत्ताची स्थिती दाखवतील, नाहीतर सगळे पुढची कृती दाखवतील. माइक एका पद्धतीने आणि कॅमेरा दुसऱ्या, असं झालं की वापरणारा दोन्हींवरचा विश्वास गमावतो.

जिथे चुकीची किंमत मोठी आहे तिथे मी तर स्थिती आणि कृती वेगळीच ठेवतो. वर शब्दांत: ‘मोटार चालू आहे, ४० मिनिटं झाली.’ खाली वेगळं बटण: ‘बंद करा.’ बटणावर आयकॉन हवा तर असू दे, पण निर्णय शब्दांवर होतो. रंग सोबतीला असावा, एकटा नसावा. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं सगळीकडे असतात, आणि पुष्कळांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

जगाने ठरवलेल्या खुणा

स्वतःच्या ॲपमध्ये शिस्त ठेवली तरी वापरणारा कोऱ्या पाटीने येत नाही. तो व्हॉट्सॲप वापरून आलाय, यूट्यूब वापरून आलाय, पैसे पाठवायची ॲप वापरून आलाय. भिंग म्हणजे शोध, दातेरी चाक म्हणजे सेटिंग, तीन आडव्या रेघा म्हणजे मेन्यू हे त्याला आधीच कळलंय. त्या तीन रेघा नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स कंपनीच्या स्टार या संगणकासाठी काढल्या, १९८१ साली. विकायला आलेल्या संगणकात आयकॉनचा मेज, म्हणजे आजचा डेस्कटॉप, मांडलेला तो पहिलाच. फोनचा पडदा लहान असल्याने तीस वर्षांनी त्या रेघा घरोघर पोहोचल्या. आता त्यांच्या जागी काही वेगळं, ‘आपलं’ चित्र आणायचा मोह झाला तरी आवरावा. नवं चित्र सुंदर असलं तरी वापरणाऱ्याला पुन्हा पहिलीत बसवतं.

साठवण्याच्या बटणावरची फ्लॉपी, म्हणजे जुन्या संगणकात माहिती साठवायची चौकोनी चकती, हे याचं टोक. २०११ साली सोनीनेही फ्लॉपी विकणं थांबवलं. आज कॉलेजात असलेल्या पोरांनी ती वस्तू हातात धरलेली नाही, तरी निळा-काळा चौकोन पाहिला की ‘सेव्ह’ हे त्यांना कळतं. खुणेचा मूळ वस्तूशी संबंध तुटला तरी अर्थ टिकला, कारण ती इतकी वर्षं इतक्या ठिकाणी त्याच अर्थाने वापरली गेली. सवयीने अर्थ पक्का होतो, आणि सवय लागायला खूण जागची हलता कामा नये.

एक अडचण खरी आहे. काही खुणांवर जगाचंही एकमत नाही. ‘शेअर’ला अँड्रॉइडवर रेघांनी जोडलेले तीन ठिपके, आयफोनवर चौकोनातून वर निघालेला बाण. मग ॲप दोन्हीकडे चालणार असेल तर काय करायचं? ज्या फोनवर आहोत त्या फोनची खूण दाखवायची. माणूस फोन बदलत नाही, ॲप बदलत राहतो. म्हणून त्याची सवय त्याच्या फोनशी जास्त जुळलेली असते.

दुसरीकडे, बाहेरून आणलेलं प्रत्येक चित्र आपल्याकडे चालतंच असं नाही. तयार आयकॉन-संचांत ‘शेती’ म्हणून बहुधा गव्हाची ओंबी असते. ‘पिकं’ या भागाच्या दारावर ती चालून जाते. पण आत पीक निवडायच्या यादीत तीच ओंबी ज्वारीपुढे, सोयाबीनपुढे आणि तुरीपुढे लावली की घोळ होतो. रब्बी ज्वारी पेरणाऱ्या माणसाला ओंबी आणि कणीस यातला फरक सांगावा लागत नाही. तो ओंबी पाहून गहू समजतो आणि पुढे सरकतो. मूग, उडीद, तूर, हरभरा यांची चोवीस ठिपक्यांत चित्रं काढायला गेलं तर चार सारख्याच शेंगा निघतील. अशा ठिकाणी आयकॉनचा हट्ट सोडून पिकाचा स्वच्छ फोटो आणि मोठ्या अक्षरात नाव द्यावं.

रेघ, जाळी आणि शिरोरेखा

आतापर्यंत अर्थाबद्दल बोललो. आता दिसण्याबद्दल, ते दुय्यम असलं तरी सोडून देण्यासारखं नाही. १९८४च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी आयकॉन काढले ते ३२ बाय ३२ चौकटींच्या जाळीवर. प्रत्येक चौकट काळी किंवा पांढरी, एवढाच वाव. आज पडदे कितीतरी सूक्ष्म झाले, तरी जाळी सुटलेली नाही. गूगलच्या मटेरियल आयकॉनची जाळी २४ एककांची आहे. कडेने २ एककं मोकळी, चित्र आतल्या २० मध्ये, रेघेची जाडी २. चौकोनी आकार १८चा आणि गोल २०चा, कारण एकाच मापाचा गोल डोळ्यांना चौकोनापेक्षा लहान भासतो. म्हणजे सगळे आयकॉन ‘सारखे’ दिसायला त्यांची मापं थोडी वेगळी ठेवावी लागतात.

घोळ होतो तो सरमिसळीने. चार आयकॉन एका संचातून, दोन दुसऱ्यातून, एक कोणाच्या तरी वेबसाइटवरून. एकाची रेघ बारीक, दुसऱ्याची जाड. एक पोकळ, एक भरीव. वापरणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण भरीव आयकॉन निवडलेला वाटतो आणि बारीक रेघेचा बंद पडलेला. पुष्कळ ॲपमध्ये खालच्या पट्टीत निवडलेला भाग भरीव आणि बाकीचे पोकळ असतात, त्यामुळे हा अर्थ त्याच्या डोळ्यात आधीच बसलेला आहे. म्हणून एक संच निवडायचा, त्यात नसलेलं चित्र त्याच जाळीवर, त्याच जाडीने काढून घ्यायचं आणि भरीव रूप फक्त निवडलेल्या स्थितीला राखून ठेवायचं.

मराठी स्क्रीनची एक खास गोष्ट इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. हे संच रोमन अक्षरांच्या शेजारी बसतील असे आखलेले असतात. देवनागरीचा भार शिरोरेखेवर असतो. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं. ‘नोंदणी’ शेजारी आयकॉन रोमनच्या हिशोबाने ठेवला तर तो ओळीतून खाली घसरल्यासारखा दिसतो. शिरोरेखा आणि अक्षराचा पाय यांच्या मधोमध आयकॉनचा मध्य आणला की तो बसतो. किती सरकवायचं ते फाँटवर अवलंबून आहे, म्हणून एकदा डोळ्यांनी ठरवून तोच आकडा सगळीकडे वापरावा. लेबलचा फाँट ठरायच्या आधी हे करू नये, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागतं.

बोटाला जागा किती? गूगल ४८ एककांचा चौकोन सांगतं, म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर. ॲपल ४४ पॉइंट सांगतं. चित्र २४चंच असू दे, पण त्याच्याभोवतीची दाबायची जागा एवढी हवी. हाताला माती असते, ऊन डोळ्यांवर असतं, पडद्याला तडे गेलेले असतात. फिक्या करड्या पार्श्वभूमीवर थोडा गडद करडा आयकॉन ऑफिसात छान दिसतो आणि बांधावर दिसतच नाही. वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष अर्थ असलेल्या आयकॉनसाठी मागच्या रंगाशी किमान ३:१ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) मागतात. आपल्या उन्हाला मी त्याहून जास्तच ठेवीन.

याच निकषांत एकसारखेपणाचीही अट आहे: एकच काम करणारे घटक सगळ्या पानांवर एकाच नावाने ओळखता आले पाहिजेत. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी टॉकबॅकसारखं साधन आयकॉनचं नाव मोठ्याने वाचतं. नाव दिलेलंच नसेल तर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं. आणि टोपलीला एका पानावर ‘काढा’ आणि दुसऱ्यावर ‘हटवा’ म्हटलं असेल, तर डोळे असणाऱ्याला चित्र पाहून कळतं की काम तेच आहे; ऐकणाऱ्याकडे तो पुरावा नसतो.

आयकॉनसोबत शब्द लिहायचा का, हा वाद इंग्रजी डिझायनरांत बराच चालतो. आपल्याकडे माझं मत पक्कं आहे: लिहायचा. भिंग, घर, मागे जायचा बाण अशा हाताच्या बोटांवर मोजता येतील तेवढ्या खुणा एकट्या उभ्या राहतात. बाकी प्रत्येकीखाली लहानसा मराठी शब्द द्यावा. वाचता येणाऱ्याला शब्दाने खात्री पटते, न येणाऱ्याला कोणीतरी एकदा वाचून दाखवलं की पुढे चित्र ओळखीचं होतं. चित्र शिकायचा रस्ता शब्दातूनच जातो.

शिस्त टिकवायची कशी

ज्यांच्याकडे आधीच चालू असलेलं सॉफ्टवेअर आहे त्यांनी सुरुवात मोजदादीने करावी. प्रत्येक स्क्रीनचा फोटो घ्यायचा, त्यातला प्रत्येक आयकॉन कापून एका मोठ्या कागदावर चिकटवायचा आणि शेजारी लिहायचं: दाबल्यावर काय होतं. मग कागद दोनदा वाचायचा. एकदा चित्राकडून अर्थाकडे, म्हणजे एका चित्राचे अनेक अर्थ पकडले जातात. एकदा अर्थाकडून चित्राकडे, म्हणजे एका कामाची अनेक चित्रं पकडली जातात. हे काम मीटिंगमधल्या चर्चेने होत नाही, कागद समोर लागतो. पाच-सहा वर्षं चाललेल्या सॉफ्टवेअरचा असा कागद पाहिला की आणखी काही पटवून द्यावं लागत नाही.

त्यानंतर यादी करायची आणि ती यादी डेव्हलपरच्या कोडमध्ये उतरवायची. इथे एक बारकावा फार उपयोगी पडतो. आयकॉनला दिसण्यावरून नाव देऊ नये, कामावरून द्यावं. कोडमध्ये ‘टोपली’ असं नाव ठेवलं की नव्या माणसाला टोपली कुठेही वापरावीशी वाटते. ‘नोंद-काढा’ असं नाव ठेवलं की तो थबकतो आणि विचारतो, इथे नोंद काढली जाते का? शिवाय पुढे चित्र बदलायचं ठरलं तर एका ठिकाणी बदलून भागतं. प्रत्येक स्क्रीनवर चित्र वेगळं चिकटवलेलं असेल तर दोन-चार जागा हमखास सुटतात, आणि सुटलेल्या जागांतूनच पुन्हा सरमिसळ सुरू होते.

आयकॉन फाँटच्या रूपात वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. काही फाँटमध्ये कोडात इंग्रजी शब्द लिहिलेला असतो आणि फाँट त्या शब्दाच्या जागी चित्र दाखवतो. नेट मंद असलं आणि फाँट उतरायला वेळ लागला, तर पडद्यावर चित्राऐवजी तो इंग्रजी शब्दच दिसतो. त्याहून वाईट म्हणजे, वापरणाऱ्याने ब्राउझरचं भाषांतर चालू केलं की तो शब्दही मराठीत जातो आणि फाँटला आपलं चित्र सापडत नाही. टोपलीच्या जागी ‘हटवा’ असं तुटकं अक्षर उरतं. भाषांतरातून ते वगळायची सोय आहे, पण फाँटऐवजी एसव्हीजी, म्हणजे रेघांनी आखलेली थेट चित्रं, वापरली तर हा प्रश्नच येत नाही.

यादी पक्की करण्याआधी ती लोकांना दाखवावी, आणि दाखवताना शब्द झाकावेत. ‘हे चित्र आवडलं का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. माणसं सौजन्याने हो म्हणतात. ‘हे दाबलं तर काय होईल?’ असं विचारावं. उत्तर चुकलं तर दुरुस्त न करता पुढचं चित्र दाखवावं. दुकानातला मुनीम, गावातला सेवा केंद्र चालवणारा, बचत गटाचं वहीखातं पाहणाऱ्या ताई, शाळकरी पोरगं, म्हातारे आजोबा असे वेगवेगळे पाच-सहा जण विचारले की कच्चे आयकॉन लगेच उघडे पडतात. जे चित्र दोघांनी दोन वेगळ्या अर्थाने सांगितलं ते जास्त धोक्याचं. ‘माहीत नाही’ म्हणणारा निदान दाबायच्या आधी कोणाला तरी विचारतो, चुकीची खात्री असलेला सरळ दाबतो.

शेवटी बदल करायच्या वेळेबद्दल. चालू सॉफ्टवेअरमध्ये खुणा बदलणं म्हणजे सरावलेल्या हाताची सवय मोडणं, मग नवी खूण कितीही बरोबर असो. आडतीच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदल पोळ्याच्या आधी करून टाकावा. नवं सोयाबीन बाजारात यायच्या आत मुनिमाला महिनाभर मिळतो. दसऱ्यानंतर काही हलवू नये. ज्या खुणेचा अर्थच बदलतोय, जशी आपली ओळीच्या शेवटची फुली, तिथे जुन्या जागी काही आठवडे काहीच ठेवू नये. टोपली दुसरीकडे आली आणि फुलीची जागा रिकामी राहिली, तर चुकून गेलेला हात निदान रिकाम्या जागेवर पडतो.